गोव्याच्या दमट हवेत पुरुषांनी रोज काय घालावं?

डिचोली_ते_पाटो | ८ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज विचारतोच.

वय ३६. घर डिचोलीत, नोकरी पणजीला पाटोवर. रोज स्कूटरने जा-ये. मांडवीचा पूल ओलांडून ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. काल कपाट रिकामं करून मोजलं: अकरा शर्ट, त्यातले सात पॉलिएस्टर मिसळलेले, जवळजवळ सगळे सेलमधले. जीन्स तीन. एक काळी फॉर्मल पँट, ती कमरेला घट्ट.

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती. ऑफिसातून तसाच गेलो. परत येताना मुलगी म्हणाली, "बाबा, तू आज खूप दमलायस ना?" मी अजिबात दमलो नव्हतो, उलट त्या दिवशी काम कमी होतं. घरी आल्यावर आरशासमोर उभा राहिलो. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कॉलर मऊ पडून आत दुमडलेली, पँटची मोहरी बुटावर गोळा झालेली. मुलीला काय दिसलं ते तेव्हा कळलं.

फॅशनचे व्हिडिओ बघतो तर त्यात एकावर एक कपडे, जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट. आपल्याकडे एप्रिल-मेचा घाम आणि पाठोपाठ चार महिने पाऊस. मला रोज नीटनेटकं दिसायचं आहे, एवढंच. ऑफिस, देऊळ, बाजार, पालकसभा. नोव्हेंबरात मावसभावाचं लग्नही आहे. बजेट दहा हजार. काय घेऊ, काय काढून टाकू? शिवून घेऊ की तयार?

सासष्टीकार | ८ जून, रात्री १०:०५

लिनन घ्या. विषय संपला.

फोंड्याचा_नाटक्या | ८ जून, रात्री १०:३१

विषय कसा संपेल, सासष्टीकार? लिनन घालून डिचोलीहून पणजीला स्कूटर चालवून बघा. उतरल्यावर पाठीला आणि मांडीला अशा चुण्या पडतात की रात्रभर त्याच कपड्यांत झोपलो असं वाटावं. मी नाटकाच्या तालमीला लिनन घालतो, ऑफिसला नाही. इस्त्रीवाल्यानेही माझा लिननचा शर्ट बघून पाच रुपये जास्त मागितले होते आणि मी ते मुकाट दिले, कारण त्याची मेहनत मला दिसत होती.

आबोलीची_माळ | ८ जून, रात्री ११:१२

तुमच्या मुलीने जे बघितलं ते आम्ही बायका रोज बघतो, बोलत नाही इतकंच. साडीला फॉल लावायला चार दुकानं फिरतो आम्ही, ब्लाऊजची बाही अर्धा इंच सैल झाली तर परत शिंप्याकडे जातो. घरातले पुरुष मात्र दुकानातून जे मिळेल ते अंगावर चढवतात. आमच्या ह्यांना मी पाच वर्षांपूर्वी एकच गोष्ट पटवली: शर्ट घेताना आधी छाती बघायची नाही, खांदा बघायचा. तेव्हापासून त्यांच्या ऑफिसातले लोक विचारतात, वजन कमी केलं का म्हणून. वजन तेवढंच आहे.

धागा_दोरा | ९ जून, सकाळी ७:२०

मी वीस वर्षं इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात होतो, आता वास्कोला मुलाकडे असतो. कापडाची बाजू मी सांगतो.

घाम चिकटतो की नाही हे धाग्याच्या ओलावा धरण्यावर अवलंबून असतं. प्रयोगशाळेत २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरून मोजतात. १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतला साधारण साडेआठ ग्रॅम ओलावा धरतो. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा, तो बारा ग्रॅमपर्यंत धरतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. म्हणजे अंगातून निघालेला घाम पॉलिएस्टरच्या आत जातच नाही, कातडी आणि कापड यांच्यामध्ये पाण्यासारखा राहतो. तुमचा शर्ट पाठीला चिकटतो तो ह्यामुळे. शिवाय अंगातलं तेल पॉलिएस्टरला धरून बसतं, म्हणून धुतलेल्या शर्टालाही दुपारी वास येतो. सुती कपड्यात हे प्रमाण बरंच कमी.

फोंड्याचे नाटककार म्हणतात ते खरं आहे, लिनन चुरगळतं. त्या धाग्याला लवचिकपणा नसतो, दुमडला की तसाच राहतो. मधला मार्ग म्हणजे सुती-लिनन मिश्र कापड, किंवा सरळ पातळ सुती पॉपलिन. दुकानात कापड उजेडासमोर धरा. विणीतून उजेड बारीक गाळून येतो ते आपल्या हवेला चालतं. मग मुठीत पाच सेकंद घट्ट आवळून सोडा, किती चुण्या राहतात ते तिथेच कळेल. लेबलवर काय लिहिलंय ते त्यानंतर वाचा.

वास्को_शिफ्ट | ९ जून, सकाळी ८:०२

मग ते खेळाचे टी-शर्ट? तेही पॉलिएस्टरचेच असतात आणि सगळे म्हणतात घाम लगेच सुकतो. मी गोदीत शिफ्टला तेच घालतो.

धागा_दोरा | ९ जून, सकाळी ८:४५

चांगला प्रश्न. त्या कापडाची वीण अशी असते की घाम धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि तिथे हवेत उडून जातो. पण उडून जायला हवा कोरडी लागते, नाहीतर वारा तरी लागतो. धावताना वारा मिळतो, स्कूटरवर मिळतो, तुमच्या गोदीत समुद्राचा मिळतो. बंद खोलीत, जुलैच्या दमट दुपारी तोच टी-शर्ट ओला राहतो. तुमच्या कामाला तो योग्यच आहे. ऑफिसातल्या खुर्चीवर आठ तास बसायला नाही.

पेडण्याचो | ९ जून, दुपारी १:१५

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. मनोहरभाई पर्रीकर अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट आणि पायात सँडल घालून दिल्लीत संरक्षणमंत्री म्हणून वावरले. कुणी त्यांना विचारलं नाही की कॉलर कुठे गेली. माणसाचं काम बघावं. आपल्या गोंयकाराने साधं राहावं यातच शोभा आहे.

मास्तरीण_सत्तरी | ९ जून, दुपारी ४:४०

पेडण्याचो, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, इथे तुमची गल्लत होतेय. पर्रीकरांचे कपडे साधे होते, पण ते त्यांचे होते. पणजीत तसेच, दिल्लीतही तसेच. माणसाने ठरवून साधं राहणं आणि लक्षच नसल्यामुळे काहीही अंगात घालणं, या दोन गोष्टी वर्गात तीस मुलांसमोर उभं राहणाऱ्या माणसाला लगेच वेगळ्या दिसतात. आमच्या शाळेत एक सर होते, निवृत्त झाले. दोन पांढरे आणि दोन फिक्या निळ्या रंगाचे असे चारच शर्ट, पण बटण तुटलेलं कधी दिसलं नाही. पावसात चिखलातून चालत यायचे, पिशवीत कोरडी पँट आणायचे, ती शाळेत बदलायचे. मुलांना त्यांच्याबद्दल जी माया होती त्यात त्या कोरड्या पँटचाही वाटा होता असं मला आजही वाटतं. आपल्यासमोर यायचं म्हणून सर तयार होऊन येतात, हे मुलांना कळायचं.

धागा काढणाऱ्या बाबाला म्हणून सांगते, मुलीने बोलून दाखवलं हे चांगलं झालं.

पेडण्याचो | ९ जून, संध्याकाळी ६:०३

मास्तरीणबाय, हे मात्र पटलं. कोरड्या पँटचं मला कधी सुचलं नव्हतं. उद्यापासून माझ्या गाडीच्या डिकीत एक असेल.

कातर_माप | १० जून, रात्री ९:१०

म्हापशाला माझं शिलाईचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसं आमच्याकडे माप देऊन जातात आणि पुढच्या शुक्रवारी कपडे घेऊन जातात, अशी ती घडीच बसलेली आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण रोज जे दुखणं बघतो तेच इथे मांडलंय.

आबोलीताई म्हणतात ते सगळ्यात महत्त्वाचं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. शर्टाची छाती सैल असेल तर मी बाजूची शिवण आत घेऊन देतो, लांबी जास्त असेल तर कापतो, बाही लांब असेल तर कफ उसवून वर घेतो. खांदा मात्र मोठा असेल तर बाही पूर्ण काढून, मुंढा म्हणजे बाही जोडायचा घेर नव्याने कापून परत लावावी लागते, आणि त्या खर्चात नवा शर्ट शिवून होतो. दुकानात तयार शर्ट घेताना म्हणून आधी खांदा.

मग मुंढा. तयार शर्टांत मुंढा खोल ठेवतात, कारण एकाच मापात दहा प्रकारची माणसं बसवायची असतात. खोल मुंढ्याचा शर्ट घालून हात वर केला की पूर्ण शर्ट पँटमधून बाहेर येतो. स्कूटर चालवणाऱ्याला हा त्रास रोजचा. शिवून घेतलात तर शिंप्याला सांगा, मुंढा थोडा वर ठेव. आधी जरा वेगळं वाटेल, आठवड्यात सवय होते.

कॉलर बंद करून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कॉलर मऊ पडून दुमडते त्याचं कारण आतलं बकरम, म्हणजे ताठ राहायला घातलेलं कडक कापड, हलकं असतं. चिकटवलेलं हलकं बकरम घामाने आणि धुण्याने सुटतं, मग कॉलरवर फुगे येतात. चांगलं बकरम मागून घ्या, फरक थोड्या रुपयांचा असतो.

पँट. तुमची काळी पँट फेकू नका. चांगल्या शिंप्याने शिवलेली असेल तर मागच्या शिवणीत दाब, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलेला असतो, त्यातून इंच-दीड इंच कंबर वाढते. तयार पँटमध्ये दाब कमी असतो, तरी एकदा उसवून बघू. मोहरी बुटावर गोळा होते म्हणजे लांबी जास्त आहे. बूट घालून सरळ उभे राहा, मागे टाचेच्या वरच्या कडेला पँट टेकली की पुरे. आसन, म्हणजे दोन पाय जोडणारी शिवण, फार खाली असेल तर चालताना पाय अडकल्यासारखे होतात आणि माणूस आहे त्यापेक्षा बुटका दिसतो.

कापड घेणार असाल तर ५८ इंच पन्ह्याचं पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६ मीटर आणि पँटला १.२५ मीटर लागतं, अंगापिंडाप्रमाणे थोडं कमीजास्त. सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून आणा. जे आटायचं ते आधीच आटू दे. हे न केल्यामुळे पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर गेली म्हणून माझ्याकडे भांडायला आलेली माणसं खूप बघितली.

डिचोली_ते_पाटो | १० जून, रात्री ९:४८

कातर_माप दादा, देव बरें करूं. एक शंका. मी शर्ट बाहेर सोडतो, खोचत नाही, पोटाला गरम होतं म्हणून. ते ऑफिसात चालतं का?

कातर_माप | १० जून, रात्री १०:०६

खालची कड बघा. पुढे-मागे जिभेसारखी लांब आणि बाजूला वर गेलेली असेल तर तो शर्ट खोचायलाच शिवलाय. कड सरळ आणि बाजूला छोटी चीर असेल तर तो बुशशर्ट, बाहेर सोडायचा. त्याची लांबी पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत. तुमच्याकडचे दोन-तीन चांगले शर्ट मी सरळ कापून देऊ शकतो, खर्च फारसा नाही.

काळा_कोट | ११ जून, दुपारी २:२५

बनियनवर कुणीच बोललेलं नाही! मी वकील. उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयांत काळा कोट सक्तीचा नसतो, पण पर्वरीला उच्च न्यायालयात उभं राहायचं तर कोट, बँड, गाऊन सगळं लागतं. आत पांढरा शर्ट, आणि त्याच्या आत काय घालावं यावर आमच्या बाररूममध्ये गट पडलेत. माझं मत: बनियन हवीच. ती घाम पिते, शर्ट वाचतो.

सासष्टीकार | ११ जून, दुपारी २:४०

मे महिन्यात दोन कापडं अंगावर? माझा विरोध. पातळ सुती शर्ट घाला, अंगाला वारा लागू द्या.

आबोलीची_माळ | ११ जून, दुपारी ३:१८

बिनबाह्यांची बनियन घालून काय मिळतं ते मला कधीच कळलं नाही. घाम काखेत येतो, आणि बनियन नेमकी तिथे नसते! घालायची तर अर्ध्या बाह्यांची घाला. आणि पांढऱ्या शर्टाखाली पांढरी बनियन लांबून स्पष्ट दिसते. फिकी राखाडी किंवा अंगाच्या रंगाची घ्या, दिसत नाही.

काळा_कोट | ११ जून, दुपारी ३:३०

राखाडीचं मान्य करायला जड जातंय, पण आज घरी आरशात दोन्ही घालून बघितल्या. ताई, तुमचंच बरोबर.

धागा_दोरा | ११ जून, संध्याकाळी ५:५५

काखेतले पिवळे डाग घामाने एकट्याने पडत नाहीत. घाम थांबवायच्या औषधात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामात मिसळून डाग धरतो. त्यावर ब्लीच घातलं तर डाग आणखी पिवळा होतो. वास घालवणारं साधं औषध वापरा, किंवा घाम थांबवणारं लावल्यावर अंग पूर्ण सुकल्याशिवाय शर्ट घालू नका.

रंगाचंही सांगून ठेवतो. घामाचा ओला डाग सगळ्यात जास्त दिसतो तो फिक्या राखाडीवर, आकाशी निळ्यावर आणि खाकीवर. पांढरा, गडद निळा आणि बारीक चौकडी यांवर दिसत नाही. मास्तरीणबाईंच्या सरांना फिका निळा जमत असेल तर ते हळू चालत असणार.

मास्तरीण_सत्तरी | ११ जून, संध्याकाळी ६:२०

अगदी हळू चालायचे! छत्री उघडी ठेवून, उन्हातसुद्धा.

जुनें_पणजें | १२ जून, सकाळी ६:३०

वय ७५. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील पणजीत अल्फायात होते, म्हणजे शिंपी. त्या काळी दुकानात अर्धे शब्द पोर्तुगीज. पँट म्हणजे कालसांव, खिसा म्हणजे बोल्स, बटण म्हणजे बुटांव. तुम्ही सगळे मराठीत ज्याला काज म्हणता तोही कासा या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे, कासा म्हणजे घर. बटणाचं घर. वडील काज हाताने करायचे, एका शर्टाची सात काजं करायला त्यांना अख्खी दुपार लागायची, आणि मी बाजूला बसून सुईत दोरा ओवून द्यायचो.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा मी दहा वर्षांचा. त्याआधी भारताने नाकेबंदी केली होती, आणि सगळा माल परदेशातून बोटीने यायचा. टेरिलीन, नायलॉन मी तेव्हाच बघितलं. लोकांना त्याचं केवढं अप्रूप! चुरगळत नाही, लगेच वाळतं, इस्त्री नको. वडिलांना ते कापड आवडायचं नाही. ते म्हणायचे, हे कापड अंगाशी बोलत नाही. धागा_दोरा यांनी ग्रॅममध्ये जे सांगितलं तेच त्यांना बोटांनी कळायचं.

आमच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं. ख्रिस्ती बांधव चर्चमध्ये मिसाला जायला सूट शिवायचे, तोही एकदा शिवला की वीस वर्षं, मुलाच्या अंगाला येईपर्यंत. हिंदू गिऱ्हाईक चवथीआधी यायचं, लांब शर्ट आणि पायजमा, नोकरदार असेल तर कालसांव. दोघांनाही वडील एकच सांगायचे: जुना, अंगाला नीट बसणारा कपडा घेऊन या. टेपने घेतलेल्या मापापेक्षा त्यांचा त्या जुन्या कपड्यावर जास्त विश्वास होता.

डिचोलीच्या बाबाला म्हणूनच विचारतो: घरात एखादा असा शर्ट आहे का, जो घातल्यावर तुला अंगावर काही आहे असं जाणवतच नाही?

डिचोली_ते_पाटो | १२ जून, रात्री ८:१५

आजोबा, आहे. माझ्या वडिलांचा. ते गेले त्याला चार वर्षं झाली. पांढरा, सुती, अर्ध्या बाह्यांचा, आईने कपाटात वर ठेवलेला. आज तुमचं वाचून घातला. खांदा बरोबर हाडावर येतो. कॉलरची कड थोडी विरलीय.

जुनें_पणजें | १२ जून, रात्री ८:४०

तोच घेऊन जा शिंप्याकडे. आणि कॉलर विरली असेल तर ती उसवून उलटी लावायला सांग. कॉलरची खालची बाजू अजून नवी असते. आम्ही हे नेहमी करायचो.

मुक्काम_पुणे | १४ जून, रात्री ११:०५

मूळ काणकोणचा, सध्या पुण्यात. इथे मित्र म्हणतात, तू गोव्याचा ना, मग फुलाफुलांचे शर्ट घालत असशील! मी त्यांना सांगतो, ते शर्ट पर्यटक कळंगुटला घेतात. पण खरं सांगायचं तर मला स्वतःला थोडा रंग हवा असतो. तुम्ही सगळे पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर अडलात.

मास्तरीण_सत्तरी | १५ जून, दुपारी ४:१०

रंग आपल्याकडे आहेच. कुणबी बायकांच्या साडीची लाल-पांढरी चौकडी बघा. ती वीण जवळजवळ बंद पडली होती, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि लोकांसमोर आणली. ते २०२० साली गेले. कोलवाळला त्यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं गोव्याच्या वेशभूषेचं संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. त्यांनी लिननमध्ये, सैल आणि पांढऱ्या कपड्यांमध्ये केवढं काम केलं, तेही इथल्या हवेचा विचार करून. माझ्या भावाने कुणबी चौकडीचा बुशशर्ट शिवून घेतलाय, शिगम्याला घालतो. साध्या पँटवर इतका खुलून दिसतो! हा रंग इथल्या शेतातला आहे, तो मिरवायला संकोच नको.

पावसाळी | १९ जून, रात्री १०:५०

कपडे घेण्यावर सगळे बोलले, राखण्यावर कुणी नाही. पणजीत वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेवढ्यात कपाटातला चांगला कपडा खराब झाला तर दहा हजार वाया.

दोन वर्षांपूर्वी माझा लग्नातला कोट गेला. सप्टेंबरात कपाट उघडलं तर काळ्या कापडावर पांढरट हिरवे गोल ठिपके, कॉलरपासून खिशापर्यंत. बाजूला चामड्याचा पट्टा टांगलेला, त्यावर पावडर टाकल्यासारखी बुरशी, आणि बोट लावलं तर मऊ. कोट मी न धुता ठेवला होता. लग्नात घाम आलेला, जेवणाचा एखादा शिंतोडा उडालेला. बुरशीला खायला तेवढं पुरतं.

तेव्हापासून माझ्या घरी असं चालतं. मे महिन्याच्या शेवटी जे कपडे चार महिने लागणार नाहीत ते सगळे धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवतो. त्यांना खळ अजिबात घालत नाही, कारण खळ म्हणजे पिठूळ पाणीच, ते बुरशी आणि कसर दोघांनाही आवडतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. आत झीरोचा बल्ब लावलाय, जुलै-ऑगस्टमध्ये रोज रात्री दोन तास चालू, कपड्यांपासून लांब टांगलेला. आत हवा खेळेल एवढी जागा मोकळी. इस्त्री केलेला कपडा गार झाल्याशिवाय घडी करून ठेवत नाही, वाफ आत कोंडते. कोट प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, जुन्या सुती चादरीत गुंडाळून. पाऊस उघडला आणि ऊन पडलं की सगळं बाहेर, अर्धा तास का होईना.

आजोबांच्या वेळी हे कसं करायचे?

जुनें_पणजें | २० जून, सकाळी ६:१५

कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि कापूर. आणि आई दर रविवारी प्रत्येक कपडा झटकायची.

वास्को_शिफ्ट | २० जून, सकाळी ९:३०

बूट राहिले की! पावसात चामड्याचे बूट घालून स्कूटरवर कोण बसतो? मी रबरी सँडलवर जातो, बूट कामाच्या जागी ठेवलेत. भिजलेच तर आत वर्तमानपत्र कोंबायचं, दोन तासांनी बदलायचं, पंख्याखाली ठेवायचे. उन्हात किंवा हीटरसमोर नको, चामडं तडकतं. आणि एकच जोड रोज घालायचा नाही, आड-दिवस बदलायचा, आतला घाम सुकायला एक दिवस लागतो. कोल्हापुरी ऑक्टोबरपर्यंत माळ्यावर.

फोंड्याचा_नाटक्या | २० जून, दुपारी १२:४५

देवळाचंही लक्षात ठेवा. मंगेशीला, शांतादुर्गेला अर्ध्या चड्डीत येणाऱ्यांना बाहेर थांबावं लागतं, त्यात आपलीही तरुण मुलं असतात. गाडीच्या डिकीत पेडण्याचो यांची कोरडी पँट असेल तर तिथेही कामाला येईल.

आबोलीची_माळ | २० जून, दुपारी १:३०

नोव्हेंबरातल्या लग्नाला सिल्कमिश्रित सुती कुडता आणि सुती सुरवार. शेरवानी भाड्याने नको, अस्तर पॉलिएस्टरचं असतं, मंडपात घुसमटाल.

डिचोली_ते_पाटो | २ ऑगस्ट, रात्री ९:२०

मंडळी, दीड महिन्याने आलो. हिशेब मांडतो, कारण बजेट विचारून गप्प बसणं बरोबर नाही.

दोन सुती शर्टांचं कापड, एक पांढरं पॉपलिन आणि एक गडद निळी बारीक चौकडी, ४५० रुपये मीटर, १४४० रुपये. एक सुती-लिनन शर्ट, ११०० रुपये मीटर, १७६०. तीन शर्टांची शिलाई १५००. दोन पँटचं कापड १५००, शिलाई १३००. जुने चार शर्ट सरळ कापून घेतले आणि काळ्या पँटची कंबर सव्वा इंच वाढली, त्याचे ६००. एकूण ८१००. उरलेल्यातून पावसाचे सँडल घेतले. पॉलिएस्टरचे सात शर्ट होते, त्यातले दोन बागकामाला ठेवले, बाकीचे गरज असलेल्यांना दिले.

कापड रात्रभर न्हाणीघरात बादलीत भिजत ठेवलं होतं. सकाळी आईने बघितलं आणि विचारलं, शिंप्याकडे देतोस का? बाबाही असंच करायचे. मला हे माहीत नव्हतं.

नमुन्याला बाबांचा शर्ट नेला. शिंप्याने तो टेबलावर पसरून खांदा, मुंढा, घेर सगळं त्यावरूनच घेतलं, टेप माझ्या अंगाला फक्त बाहीसाठी लावली. कॉलर उलटी लावून घेतली, आता तो शर्टही वापरात आहे. शनिवारी घालतो.

बनियन राखाडी घेतली, अर्ध्या बाह्यांची. सासष्टीकार, क्षमा असावी.

पुढची पालकसभा चवथीच्या सुट्टीनंतर आहे. एकच अडचण उरलीय. नव्या पँटची मोहरी शिंप्याने घेराला सोळा इंच ठेवलीय, स्कूटरवर वाऱ्याने फडफडते. किती करावी?

सासष्टीकार | २ ऑगस्ट, रात्री ९:३१

क्षमा केली. सुती-लिनन घेतलंत, निम्मा मी जिंकलो.

कातर_माप | २ ऑगस्ट, रात्री १०:१४

पंधरा करा, म्हणजे घडी घातल्यावर साडेसात. त्याहून कमी केलीत तर बुटावर नीट बसणार नाही. आणि याच आठवड्यात जा. चवथ जवळ आली की आम्ही कुणीच नवीन काम घेत नाही, दुरुस्तीसुद्धा नाही.